स्वस्त काडतुसांची रायफल

आमचे धाकटे चिरंजीव अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतात. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री, फोन येतो. हवापाणी, नातवंडांच्या परीक्षा, सौ.च्या गुडघ्यांची चौकशी एवढं झालं की फोन ठेवायची वेळ होते. गेल्या हिवाळ्यात मात्र त्याने मध्येच विचारलं, "बाबा, इथे एका दुकानात जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल विकायला आलीय. ईशापूरची आहे. घेऊ का?"

हा प्रश्न दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा आला २०१० साली. तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने रशियन मोसिन-नागां घेतली होती आणि यालाही तशीच हवी होती. मी तेव्हा शिक्षकी आवाजात "काही गरज नाही" म्हणून मोकळा झालो. पण त्याने मांडलेल्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे आज कबूल करतो.

त्याचा हिशेब असा होता. रायफल शंभर डॉलरच्या आत. तिची काडतुसं सीलबंद पत्र्याच्या डब्यात मिळत, एका डब्यात ४४०, किंमत साधारण ऐंशी डॉलर. म्हणजे एका बाराला अठरा-एकोणीस सेंट. उलट नवी शिकारी रायफल घ्यायची तर चारशे डॉलर आणि प्रत्येक काडतूस डॉलरच्या आसपास. ४४० बार काढायचे तर एकीकडे एकशे ऐंशी डॉलर, दुसरीकडे आठशे चाळीस. सातवीतलं पोरही सांगेल काय घ्यावं ते.

पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने आधी विचारायला हवं होतं की ही वस्तू एवढी स्वस्त का आहे. ते मी तेव्हा विचारलं नाही. या वेळी विचारलं.

मोसिन-नागां ही रायफल रशियाच्या झारने १८९१ साली स्वीकारली. कॅप्टन सर्गेई मोसिन आणि बेल्जियमचा लेओं नागां या दोघांच्या कल्पना तिच्यात एकत्र आल्या. तूला, इझेव्स्क आणि सेस्त्रोरेत्स्क इथे ती बनली. पहिल्या महायुद्धात रशियाचे कारखाने पुरे पडेनात, तेव्हा खुद्द अमेरिकेतल्या कारखान्यांना ऑर्डरी गेल्या. १९३० साली तिच्यात सुधारणा झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धात ती लाखोंच्या संख्येने निघाली. तिच्या काडतुसाचं वैशिष्ट्य असं की रायफल निवृत्त झाली तरी ते निवृत्त झालं नाही. तेच काडतूस सोव्हिएत मशीनगनमध्ये चाललं, द्रागुनोव रायफलमध्ये चाललं. त्यामुळे सोव्हिएत गटातले कारखाने ते वर्षानुवर्षं बनवत राहिले आणि गोदामं भरत राहिले. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. ज्या युद्धासाठी ती गोदामं भरली होती, ते युद्ध झालंच नाही. उरलेला माल डॉलरच्या भावात बाहेर पडला. माझ्या मुलाच्या मित्राचा अठरा सेंटचा बार तो हा.

त्या स्वस्ताईची किंमत थोडी दुसरीकडेही मोजावी लागे. या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. बार उडाला की नळीत क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी गंजते. म्हणून गोळीबार करून आल्यावर रायफल गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची, तेल लावायचं. नुसत्या तेलाने तो क्षार जात नाही. शिवाय अनेक राज्यांत असल्या लष्करी गोळीने हरणाची शिकार करता येत नाही आणि पुष्कळ रेंजवर पोलादाचा अंश असलेल्या गोळ्यांना मनाई असते. लोहचुंबक लावून बघतात.

अमेरिकेत सरप्लसची ही पहिली लाट नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या रायफली तिथे पोस्टाने घरपोच मिळत. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ओस्वाल्ड नावाच्या माणसाने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानाकडून अशीच एक रायफल मागवली. १९४० साली इटलीत बनलेली कार्कानो, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट. पोस्टखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. पुढे १९६८च्या कायद्याने पोस्टाने बंदूक मागवणं आणि परदेशी लष्करी सरप्लस आणणं, दोन्ही थांबलं. १९८४च्या बदलानंतर संग्राह्य म्हणून जुन्या रायफलींना पुन्हा दार उघडलं.

आता या लाटेचं काय झालं ते पहा. २०१४ साली क्रिमियाच्या प्रश्नावरून निर्बंध सुरू झाले. २०२१ साली अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणं बंद केलं. २०२२ साली युक्रेनवर हल्ला झाला आणि पूर्व युरोपातल्या गोदामांतला तो जुना माल पुन्हा युद्धात लागू लागला. शंभराच्या आतली मोसिन आता चारशेच्या आसपास मागते. एका काडतुसाला पाऊण ते एक डॉलर पडतो. ज्यांनी "काडतुसं स्वस्त" म्हणून रायफल घेतली, त्यांच्याकडे रायफल उरली आणि कारण गेलं. सरप्लस म्हणजे शेवटी कुणाचं तरी उरलेलं. ते नव्याने तयार होत नाही, संपतं.

एवढं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण बाबा, ही रशियन नाही. आपली आहे."

इथे मात्र मला थांबावं लागलं.

ईशापूरचा रायफल कारखाना बंगालमध्ये, १९०४ सालचा. ब्रिटिशांची ली-एनफिल्ड, जिला आपण थ्री नॉट थ्री म्हणतो, ती तिथे बनत असे. १९६२च्या चीन युद्धानंतर सैन्याला नवी, आपोआप भरणारी रायफल द्यायची होती, पण ती सगळ्यांना पुरेपर्यंत काय? म्हणून ईशापूरने त्याच जुन्या बोल्ट-ॲक्शनचा नमुना अधिक मजबूत पोलादात, नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बनवला. तिला २ए आणि पुढे २ए१ म्हणतात. मॅगझिनमध्ये बारा काडतुसं. जग बोल्ट-ॲक्शन सोडून चाललेलं असताना आपण गरजेपोटी नवी काढली. पुढे यातल्या बऱ्याच रायफली अमेरिकेच्या सरप्लस बाजारात गेल्या आणि त्यांच्या मागोमाग आपली काडतुसंही. बुडावर 'ओएफव्ही' असा शिक्का असला तर ते वरणगावचं, भुसावळजवळच्या कारखान्याचं. 'केएफ' असला तर खडकीचं.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. हा कारखाना १८६९ सालचा. वडील १९४८ साली लागले आणि १९७६ साली निवृत्त झाले. काडतुसांच्या तपासणीवर त्यांची नेमणूक होती. १९६२ नंतर जादा पाळ्या लागल्या तेव्हा ते रात्री उशिरा घरी येत आणि हात साबणाने तीन-तीनदा धूत. घरात कामाविषयी बोलायची पद्धत नव्हती. मी कॉलेजात एनसीसीत गेलो आणि थ्री नॉट थ्री चालवून खांदा सुजवून घरी आलो, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "काडतुसाच्या बुडावर काय होतं?" मी पाहिलंच नव्हतं. आयुष्यभर काडतुसं हाताळलेल्या त्या माणसाने स्वतः एकदाही बार काढला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

दुकानदाराने रायफलीबरोबर जुनी काडतुसंही दाखवली होती. मुलाने थ्री नॉट थ्रीचं एक उचलून उलटं केलं तर बुडावर केएफ आणि ५७. १९५७ साली आजोबा तिथेच होते. आता कळलं, रायफल का हवी ते.

पुढच्या रविवारी मी त्याला सांगितलं ते असं. काडतुसं स्वस्त आहेत हे कारण यादीतून खोड. आता जुन्या आणि नव्या मालाच्या किमतीत फारसा फरक उरलेला नाही. तू वर्षाला शंभर बार काढणार, त्यात पन्नास डॉलर वाचले तरी ते चौघांचं एका वेळचं बाहेरचं जेवण. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं काडतूस, त्यातून ते कुठे कसं ठेवलं होतं कुणाला ठाऊक नसलेलं, डोळ्याजवळ उडवायचं म्हणजे जोखीम आहे. कधी घोडा ओढला की नुसता आवाज होतो आणि बार क्षणभराने उडतो. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबावं लागतं. आजोबांची आठवण म्हणून रायफल घ्यायची असेल तर ते खरं कारण आहे, त्याला हिशेबाचा आधार नको. पण मग घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे, हेही त्याच कागदावर लिही. भारतात थ्री नॉट थ्री सामान्य नागरिकाला घेताच येत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर कधी आला नाही. तुमच्याकडे कायदा हो म्हणतो, म्हणून घरातल्या माणसांनी विचार करायचा.

तो थोडा वेळ गप्प होता. मग सूनबाई फोनवर आली. म्हणाली, "बाबा, मी नको म्हटलेलं नाही. एवढंच म्हटलं, धाकटा कॉलेजला जाईपर्यंत घरात बंदूक नको. या वयाची मुलं एका वाईट दिवशी काय करतील सांगता येत नाही. नंतर घ्या, तिजोरीत कुलूप लावून ठेवा."

मी इतिहासाचे एवढे दाखले दिले, पण निकाल तिनेच दिला आणि तो मला पटला. मुलालाही पटला. दोन वर्षांनी ती रायफल अजून महाग झालेली असेल. होऊ दे.

२००८ साली सीएसटी स्थानकावर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या आणि समोर एके-४७ होत्या. तो फोटो पाहिल्यापासून या रायफलीबद्दलची माझी एनसीसीतली हौस संपली होती. परवा आलमारी आवरताना वडिलांचा कारखान्यातला पितळी बिल्ला सापडला. तो आता मुलाकडे पाठवणार आहे. विमानात चालतो, विचारून घेतलं आहे.

असो.