वर्षातून एकदा कळवावे

मेरी एलन विल्सनची गोष्ट बालहक्कांवरच्या व्याख्यानांत हमखास येते. 1874 साली न्यूयॉर्कमध्ये एका पोरीचे हाल चालले होते. तिला सोडवायला कायदाच नव्हता. अखेर प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था पुढे आली, मूल हाही एक प्राणीच आहे असा युक्तिवाद झाला आणि जनावरांसाठीच्या कायद्याखाली पोरगी सुटली. गोष्ट टाळ्या घेते. पण त्या वर्षीचे कागद शेजारी ठेवून वाचली, की तिचा सांधा न् सांधा निखळतो.

कागद बऱ्यापैकी शिल्लक आहेत. 9 एप्रिल 1874 रोजी न्यायमूर्ती अब्राहम लॉरेन्स यांच्यापुढे मुलीला हजर केले गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिची जबानी सविस्तर छापली. घोंगडीत गुंडाळून तिला कोर्टात आणले होते. डोक्यावर मार लागल्याच्या निळ्याकाळ्या खुणा, कपाळाच्या डाव्या बाजूला कात्रीची जखम. जबानीत ती सांगते: आईबाप दोघेही गेले. माझे वय मला ठाऊक नाही. या हिवाळ्यात पायात जोडे-मोजे नव्हते. झोपायला खिडकीखाली जमिनीवर अंथरलेला गालिच्याचा तुकडा. इतर मुलांशी खेळायची बंदी. आई बाहेर गेली, की खोलीत कोंडून कुलूप. चामड्याच्या पिळाच्या चाबकाने जवळजवळ रोज मार. कशासाठी, ते माहीत नाही, कारण मारताना आई काही बोलतच नसे. कुणी आपला मुका घेतल्याचे आठवत नाही. आई म्हणजे मेरी कॉनली, जिच्या घरी ती वाढली ती बाई.

ही जबानी वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. ‘मला स्मरत नाही’ अशा वळणाची वाक्ये नऊ-दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडची नव्हेत, ती लिहून घेणाऱ्याची आहेत. मुका घेतल्याचे आठवत नाही, हे कुठलेही मूल आपण होऊन सांगणार नाही. कुणीतरी तसे विचारले असणार आणि छापताना प्रश्न गळून फक्त उत्तर उरले. मारामागचे कारण माहीत नाही, हे वाक्य मात्र मला तिचेच वाटते. रडून गुन्हा वाढवून सांगणारे मूल काहीतरी कारण जोडते. या मुलीला कारण आणि मार यांचा संबंध असतो हेच कळायची संधी मिळाली नव्हती.

दुसरा आधार एटा व्हीलर या मिशनच्या कार्यकर्तीच्या आठवणींचा. त्या बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या, म्हणून संवादांवर फार विसंबू नये. पण बाईंची नजर तपशिलाला पक्की होती. 1873 च्या डिसेंबरात पश्चिम 41 व्या रस्त्यावरच्या चाळवजा इमारतीत, शेजारच्या आजारी बाईची चौकशी करायचे निमित्त काढून त्या कॉनलींच्या खोलीत शिरल्या. ती आजारी बाई भिंतीपलीकडचा आवाज ऐकत पडलेली असे. आत बसक्या बाकावर ठेवलेल्या परातीत एक मूल उभ्याने भांडी घासत होते. वय नऊ, अंगलट पाच वर्षांच्या पोरीची. हातातला तवा तिच्याच्याने पेलत नव्हता. टेबलावर चाबूक पडलेला.

व्हीलरबाई मग दारोदार फिरल्या. पोलीस म्हणाले पुरावा आणा. संस्था म्हणाल्या, मूल कायदेशीर मार्गाने आमच्या ताब्यात आले तर ठेवून घेऊ. कुणी सल्ला दिला, परक्याच्या घरात पडू नका. बाईंच्या आठवणींनुसार, प्राणिरक्षण संस्थेच्या हेन्री बर्ग यांच्याकडे जाण्याचे त्यांच्या भाचीने सुचवले आणि तेव्हा ती बोलून गेली, की ती पोरही एक छोटे जनावरच नाही का! पत्रकार जेकब रीस यांनी 1892 च्या पुस्तकात हीच कल्पना बर्ग यांच्या तोंडी घातली आणि वाक्य आणखी धारदार केले. पुढे ते जगभर फिरले.

1874 च्या बातमीत नेमके उलट आहे. बर्ग यांनी संस्थेचे अध्यक्ष म्हणून नव्हे, तर एक नागरिक म्हणून पाऊल उचलले, असे त्यात मुद्दाम नोंदले आहे. त्यांचे वकील एलब्रिज गेरी यांनी जनावरांच्या कायद्याला हातही लावला नाही. बेकायदा ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे आणवणाऱ्या, हेबियस कॉर्पसच्या जुन्या कायद्यातल्या 65 व्या कलमाचा त्यांनी आधार घेतला. कायदा नव्हता हेही खरे नाही. आधी पाच वर्षे, 1869 साली, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आंधळ्या मुलाला थंडीत तळघरात कोंडणाऱ्या बापाविरुद्ध निर्णय देताना, पालकाच्या अधिकाराला माणुसकीची मर्यादा असते, असे स्पष्ट केले होते.

या सगळ्या दस्तऐवजांत मला सर्वांत बोचतो तो 1866 सालचा एक करार. मेरी एलनला मेरी स्कोअर नावाच्या बाईने धर्मादाय खात्याच्या कचेरीत आणून सोडले होते. सांभाळायचे दरमहा आठ डॉलर मिळायचे ते बंद झाले, म्हणून. खात्याने ती तान्ही पोर मॅककॉर्मॅक नावाच्या दांपत्याला करार करून दिली. नवरा मुलीला आपली म्हणत होता. तो लवकरच वारला आणि बायकोने कॉनलीशी लग्न केले. करारात एक अट होती: मुलीची हालहवाल वर्षातून एकदा खात्याला कळवावी. कॉनलीबाईनेच साक्षीत सांगितले, की आठ वर्षांत तिने फक्त दोनदा कळवले.

म्हणजे सहा वेळा कळवणे राहून गेले. यातल्या एकाही वर्षी खात्याचा माणूस दारात उभा राहिल्याचे साक्षीपुराव्यांत कुठेही येत नाही. खात्याचे अधीक्षक जॉर्ज केलॉक यांची साक्ष झाली. दफ्तरातले त्यांना सांगता आले. दफ्तराबाहेर त्या मुलीबद्दल खात्याकडे काहीच नव्हते.

अशा वाढण्याने मुलाचे काय होते, याचा पुरावा खटल्यानंतरच्या कागदांत सापडतो. लॉरेन्स यांच्या संमतीने मुलगी व्हीलरबाईंच्या स्वाधीन झाली आणि रोचेस्टरजवळ बाईंच्या आईच्या घरी राहायला गेली. बाई लिहितात, झाडे, शेते, काहीच तिच्या ओळखीचे नव्हते. जमिनीवर चालणेही तिला तान्ह्या बाळासारखे शिकावे लागले. आयुष्यभर पाय फक्त सपाट फरशीवर पडलेले, त्यामुळे उंचसखल जमीन पाहून पाऊल कसे टाकायचे हे तिच्या डोळ्यांना समजत नव्हते. चाबकाचे वळ विरतात, पण ही उणीव डॉक्टरच्या दाखल्यात कुठे मांडणार? बाईंची आई त्याच वर्षी वारली, मग बहिणीने तिला वाढवले. 1888 साली मेरी एलनचे लग्न झाले. दोन मुली झाल्या, त्यांतल्या एकीचे नाव तिने एटा ठेवले. 1956 साली, बाण्णव वर्षांची होऊन ती वारली. इतकी नीट पार पडलेली ही हकिगत वाचताना हेही ध्यानात ठेवावे, की ज्यांचे असे पार पडले नाही त्यांच्या आठवणी कुणी लिहून ठेवल्या नाहीत.

मारहाणीच्या आरोपावरून मेरी कॉनलीला एक वर्ष सक्तमजुरी झाली. डिसेंबर 1874 मध्ये बर्ग, गेरी आणि मंडळींनी मुलांवरचे क्रौर्य रोखण्यासाठी स्वतंत्र संस्था काढली. ती जगातली पहिली म्हणून ओळखली जाते, आजही चालू आहे, आणि मूळ गोष्टीत तिलाच शेवटचे वाक्य मिळते. त्या मानाने करारपत्राला कोणी विचारीत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात कॉनलीबाई एकटीच उभी होती. केलॉक साक्षीदार म्हणून आले आणि साक्षीदार म्हणूनच गेले.