पाच ताऱ्यांची कुळकथा

मराठी खाणावळीत गल्ल्यामागे अनेकदा एक पाटी दिसते: आवडलं तर इतरांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा. कौतुक गावभर आणि तक्रार मालकाच्या कानात, अशी ती वाटणी होती. एसटीचं तक्रार पुस्तक असो की १९७५ साली स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत, तक्रार करणारा नावानिशी पुढे येई. वसईहून पहाटेच्या लोकलने भाजी आणि केळी घेऊन मुंबईला जाणाऱ्या बायकांना तर ठरलेलं गिऱ्हाईक तोंडावर सांगे, कालची मेथी जून निघाली.

तारे जन्मले ते परक्या मुलखात फिरणाऱ्यांसाठी. एकोणिसाव्या शतकात मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेने आपल्या प्रवासपुस्तकांत पाहण्याजोग्या गोष्टींपुढे उद्गारचिन्हं दिली. जर्मन प्रकाशक कार्ल बेडेकरने तारे छापले आणि १९२६ पासून मिशलिनने ते उपाहारगृहांना दिले. पण ते देणारा जाणकार असे. १९९५ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते काम गिऱ्हाइकाकडे सोपवलं. ईबेने १९९६ मध्ये खरेदीदार-विक्रेत्यांना एकमेकांबद्दल लिहायला लावलं, कारण दोघांची कधी गाठ पडणारच नव्हती. मुंबईत २००० साली गिऱ्हाइकांची मतं छापणारं माउथशट हे संकेतस्थळ निघालं, २०१० मध्ये फूडीबेचं झोमॅटो झालं.

वसई-विरारमध्ये गिऱ्हाइकांचे हे तारे रुजायला जमीन तयार होती. महापालिका २००९ ची, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती बारा लाखांवर गेलेली. नव्या इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबाला दातांचा चांगला डॉक्टर कोण, हे सांगणारं शेजारपाजारी कुणी नसतं. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या रिसॉर्टांवर तर बहुतेक गिऱ्हाईक एका रविवारपुरतं येतं. दुसऱ्या दिवशी मेथीची तक्रार घेऊन परत येणारं ते नव्हे. आता बोरिवलीत बसूनच बाई न्हाणीघराचा फोटो पाहते आणि मग मुलांना घेऊन निघते. हा मला फार मोठा लाभ वाटतो. मालकही हिशेब करताना मत लिहिण्यासाठी गल्ल्यावरचा क्यूआर कोड पुढे करतो.

फटका बसतो तो लहानाला. दहा मतांच्या घरगुती रिसॉर्टला नऊ जणांनी पाच तारे दिले आणि एकाने आकसाने एकच दिला, की सरासरी ४.६ वर येते. हजार मतांच्या हॉटेलला तो एक तारा जाणवतही नाही. संशोधक मायकेल लुका यांनी सिअ‍ॅटलच्या उपाहारगृहांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला, त्यातही सरासरीतल्या एका ताऱ्याच्या फरकाने स्वतंत्र उपाहारगृहांचं उत्पन्न ५ ते ९ टक्के हललं, साखळीवाल्यांचं नाही. विकत घेतलेली मतं रोखायला भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं. लिहिणारा खरा आहे का, हे तपासायला ते सांगतं. पण ते ऐच्छिक ठेवलं गेलं. ते सक्तीचं व्हायला हवं, आणि मालकाचं उत्तर मताच्या शेजारीच, तेवढ्याच ठळक अक्षरांत दिसायला हवं.