पावकी, मापटे आणि पंधरा चिंचोके

आपल्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर जुने मापटे किंवा चिपटे पडून असेल, तर ते एकदा खाली काढून पाहावे. सोयगाव भागातल्या मुलांनी अपूर्णांक कसे शिकले, याचा निम्मा इतिहास त्या मापात आहे.

जुन्या माणसांना कोष्टक तोंडपाठ असे. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पायली गावोगावी लहानमोठी असे, पण दुपटीचा हिशेब तोच. प्रत्येक माप वरच्या मापाच्या निम्मे. शेतातली मजुरी ज्वारीत मिळत असे त्या काळी पाव, अर्धा, पाऊण हे शब्द पाटीवर येण्याआधीच मुलांच्या हाताला माहीत झालेले असत. पंतोजींच्या शाळेत त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी चढवली जाई. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ही घोकंपट्टी होती हे खरे, पण घोकलेल्या शब्दामागे डोळ्यांनी पाहिलेले माप होते. या शाळांचे गोडवे मात्र मी गाणार नाही. मुलींना आणि दलितांच्या मुलांना बहुतेक ठिकाणी त्यांत जागाच नव्हती.

आपल्या भागाला आणखी एक अपूर्णांक शिकावा लागला, तो सरहद्दीचा. १९४८ पर्यंत सोयगाव निजामाच्या राज्यात, तर शेंदुर्णी आणि पाचोरा ब्रिटिश खानदेशात. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. दर ठरलेला असे तो शंभर कलदारला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हा आकडा विचित्र दिसतो, पण मांडून पाहिला तर सरळ निघतो: सात हाली म्हणजे सहा कलदार. पावकी-निमकी कितीही पाठ असली तरी सातवा हिस्सा त्यात सापडत नाही. कापूस विकून आलेल्या माणसाला सहा-सात यांचे नाते समजले नाही, तर तो फसायला मोकळा. गणित येणे ही तेव्हा हुशारीची नव्हे, पोटाची बाब होती.

मग १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, म्हणजे जाता जाता सवायकी शेवटची एकदा कामाला आली! १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो, लिटर, मीटर आले. बदल योग्यच होता. पण त्याने एक गोष्ट नकळत केली. व्यवहार दहा-शंभरच्या हिशेबावर गेला आणि अपूर्णांक बाजारातून उठून फक्त पुस्तकात राहायला गेला. वर अंश, खाली छेद, मध्ये आडवी रेघ. आपण शाळेत आलो तेव्हा तो असाच होता.

पाचवीतला तो तास वर्गातल्या अनेकांना आठवत असेल. १९८४-८५ चे साल. सरांनी फळ्यावर १/२ + १/४ लिहिले आणि निम्म्याहून अधिक वर्गाने उत्तर दिले, २/६. मीही त्यात होतो. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून शेर, मापटे, चिपटे आणि ज्वारी घेऊन आले. मापटे भरून शेरात ओतायच्या आधी त्यांनी विचारले, "दोन सहांश म्हणजे सहा भागांतले दोन. तेवढं भरेल का?" सगळे गप्प. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, नुसतं मापटंच अर्धं असतं. वरून चिपटं टाकल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल?" तिची आई मजुरीचे धान्य मापून आणत असे. ज्वारी ओतली, शेर पाऊण भरला, आणि छेद सारखे का करायचे हे आम्हाला नियम न सांगता समजले: अर्धा शेर म्हणजे दोन चिपटी, त्यात एक चिपटे, झाली तीन.

मापांची मर्यादाही सरांना ठाऊक होती. निम्म्याच्या निम्मे करत गेले तर तिसरा किंवा पाचवा हिस्सा कधीच हाती लागत नाही. त्यासाठी ते चिंचोके आणत. प्रत्येक जोडीला पंधरा. पाचवा हिस्सा एका बाजूला, तिसरा दुसऱ्या बाजूला, त्या दोघांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या ढिगात. हातात किती उरले? तीन, पाच, सहा, आणि एक. खूप वर्षांनी कळले की हे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तले भुंग्यांचे उदाहरण, ११५० सालचे. आपल्या अजिंठ्याच्या डोंगररांगेच्याच पायथ्याला, चाळीसगावजवळ पाटण येथे, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. 'लीलावती'त उत्तर आधी माहीत नसते, ते काढावे लागते. सरांनी पंधरा चिंचोके आधी मोजून देऊन आम्हाला सोपी बाजू दिली होती, आणि सातवीत समीकरणे आली तेव्हा तेच उदाहरण उलटे करून घातले.

आज वाटून घेणे आणि मोजून पाहणे यांतून अपूर्णांक शिकवावेत यावर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अभ्यास झाला आहे. शाळांत अपूर्णांकांच्या रंगीत पट्ट्याही मिळतात. सरांकडे यातले काही नव्हते. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून त्यांना बोलणी बसत, हे आम्हाला नंतर कळले.

ती मागच्या रांगेतली मुलगी सातवीनंतर शाळेत आली नाही. वार्षिक परीक्षेत तोंडी उत्तराला गुण नव्हते आणि लेखी तिला जमत नसे. मेळाव्याची यादी दहावीच्या पटावरून झाली, त्यामुळे तिचे नाव त्यात नाही. मी ते संयोजकांना कळवले आहे, पत्ता शोधणे चालू आहे. कोणाला ठाऊक असेल तर सांगावे. मापटे आणि चिपटे माझ्याकडे आहे, शेराचे माप मात्र कुठेच मिळाले नाही.