दुसरे हरिश्चंद्र

भारतीय चित्रपटाची कुळकथा 'राजा हरिश्चंद्रा'पासून, म्हणजे १९१३ सालापासून सांगण्याची आपली रीत आहे, आणि दादासाहेब फाळक्यांचा तो मान कोणी हिरावू नये. परंतु त्याआधी १४ वर्षे दुसऱ्याच एका मराठी हरिश्चंद्राने मुंबईत कॅमेऱ्याचे हँडल फिरविले होते, हे सांगितले म्हणजे आमच्या झरी जामणीकडील मंडळींना मोठे नवल वाटते.

हे गृहस्थ म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा. जन्म १८६८ चा, धंदा छायाचित्रकाराचा. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. त्या नवलाने सावे दादांना झपाटले. त्यांनी २१ गिनी मोजून विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी यांची कुस्ती टिपली. फीत धुण्यासाठी मात्र पुन्हा विलायतेस धाडावी लागली!

१९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून परतले. दापोलीजवळच्या मुर्डीच्या या सुपुत्राचे मुंबईत झालेले स्वागत सावे दादांनी चित्रित केले. भारतीय वार्तापटाचा उगम तेथे मानतात. पुढे त्यांनी गेइटी नाट्यगृहाचे व्यवस्थापन पाहिले. चित्रे काढणारा माणूस खेळ चालविणारा झाला.

मल्ल, माकडवाला, विद्वान – ही त्यांची निवड मला फार मोलाची वाटते. कोणी कथा रचून द्यावी म्हणून ते थांबले नाहीत. समोरचे जगणेच त्यांना टिपण्याजोगे वाटले.

२० फेब्रुवारी १९५८ रोजी सावे दादा वारले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. त्या काळची फीत पेट घेणारी, नाहीतर कुजणारी. ती कुस्ती आज कोठेही पाहावयास मिळत नाही. नावे उरली, डावपेच गेले.

वाचकहो, आमच्या तालुक्यातील कोलाम पोडांवर दिवाळीत दंडार रंगते. आता पोरासोरांच्या हाती फोनचा कॅमेरा असतो आणि ती टिपलीही जाते. माझे सांगणे एवढेच, की त्या चित्रणासोबत पोडाचे नाव, नाचणाऱ्यांची नावे आणि साल लिहून ठेवावे, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी द्यावी. टिपणे सोपे झाले आहे; राखणे अजून आपल्यालाच करावयाचे आहे.