चढावर थबकणारा वायपर

अमेरिकेंतील अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनीं १९०३ सालीं हातानें फिरवावयाच्या वायपरचें पेटंट घेतलें. परंतु भर पावसांत एक हात सुकाणूच्या चाकावर आणि दुसरा वायपरवर, हा प्रकार धोक्याचाच. म्हणून १९२० च्या सुमारास क्लीव्हलंडच्या फोल्बर्थ बंधूंनीं हें काम एंजिनाकडे सोंपविलें. जणूं घोड्यानेंच स्वाराचा चष्मा पुसावा!

एंजिन हवा आंत ओढतें. हवेची झडप अर्धवट मिटलेली असतां पुढील नळींत हवा विरळ होते. तेथून रबरी नळी काचेजवळील डबीस जोडीत. डबींतील फळीच्या एका बाजूची हवा शोषली गेली, कीं दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा शिरून फळीस ढकली. टोंक गांठतांच लहान झडप उलटे व फळी परत फिरे. युक्ति चतुर खरी. परंतु चढावर झडप पुरती उघडली, कीं ओढ नाहींशी होई आणि ऐन गरजेच्या वेळीं वायपर थबके. उतारावर मात्र तो वेड्यासारखा धांवे. पुढें इंधनपंपास जादा पडदा जोडून हा दोष कमी केला गेला.

आज शौकीन लोक अशा डब्या उघडतात, तेव्हां बहुधा फळीच्या कडेचें चामडें वाळून आखडलेलें आढळतें. घट्ट झालेलें वंगण धुवावें, चामड्यास तेल पाजावें किंवा तें नवें घालावें, झांकणाखालील कागद बदलावा, नळीस तडा नाहीं ना हें पाहावें. कोणी तेथें विजेची मोटर बसवितात. मला तें रुचत नाहीं. अर्थात् चामडें मऊ झालें तरी चढ राहतोच. तेथें चालकानें क्षणभर पाय सैल सोडावा, म्हणजे काच एकदां पुसली जाते.