परळचा राजवाडा : नृत्यगृहातून प्रयोगशाळेकडे

१८८२ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी परळच्या राजवाड्यात पटकीने वारल्या. (पुण्याच्या महाविद्यालयाला नाव लाभले ते याच फर्ग्युसनांचे.) त्यानंतर काही वर्षांतच गव्हर्नरांचे वास्तव्य समुद्रकाठी, मलबार पॉइंटला हलले आणि परळची वास्तू ओस पडली.

मुळात तो राजवाडा नव्हताच. पोर्तुगीज अमदानीत तेथे ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होता. इंग्रजांनी तो जप्त केला, आणि पुढे त्याच प्रार्थनामंदिराच्या भिंतींत मेजवानीचे दालन व त्यावर नृत्यगृह सजले. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचा मुक्काम येथेच होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि या वास्तूत रुग्णांच्या खाटा पडल्या. ज्या घरातून साहेबलोकांनी रोगाच्या धास्तीने काढता पाय घेतला, तेथे आता रोगच मुक्कामाला आला.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा येथे आली. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. लस तयार करण्याची रीत मोठी नवलाची. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्यांना धरून जंतूंचे धागे खाली लोंबत वाढत. चंबू जराही हलला तर ते गळून पडत. जेथे एकेकाळी नाच रंगत, त्या घराला आता निश्चलता हवी होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांची लस एकाच बाटलीतली, परळहून गेलेली. चौकशीत ठपका परळवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वास्तविक बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय बाटली उघडली तेव्हा लसीला दुर्गंधी नव्हती. परळलाच दूषित झालेली लस इतक्या दिवसांत नासून गेली असती. हा पुरावा प्रथमपासून कागदोपत्री होता. तरीही रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर, १९०७ मध्ये, हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले खरे, पण त्यांची नेमणूक कलकत्त्याला झाली. परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही.

१९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तेव्हा हाफकिन युरोपात होते.