तिरक्या रेघेचा वारसा

एकात एक असलेल्या फोल्डरांची नावे क्रमाने लिहून फाइलपर्यंतची जी वाट दाखवली जाते, तिला पाथ म्हणतात. या नावांमध्ये येणारे विभाजक चिन्ह मात्र सर्व ऑपरेटिंग सिस्टिमांत सारखे नाही, आणि या भिन्नतेचे कारण इतिहासात आहे.

फाइलींची वृक्षासारखी रचना डेली आणि न्यूमन यांनी १९६५ साली मल्टिक्स या प्रणालीसाठी मांडली, आणि तेथे विभाजक म्हणून ‘>’ हे चिन्ह वापरले गेले. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेल्या युनिक्समध्ये त्याची जागा ‘/’ म्हणजे स्लॅशने घेतली. १९८१ सालच्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत उपफोल्डरच नव्हते, तर स्लॅशचा उपयोग आज्ञेला जोडायचे पर्याय लिहिण्यासाठी होत असे. म्हणून १९८३ साली दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेल्या आयबीएम पीसी एक्सटीबरोबर दुसरी आवृत्ती आली आणि फोल्डरांची सोय झाली, तेव्हा विभाजकासाठी ‘\’ म्हणजे बॅकस्लॅश निवडावा लागला. परंतु सी भाषेत आणि तिच्या वळणाच्या अनेक भाषांत बॅकस्लॅश पुढच्या अक्षराचा अर्थ बदलतो, उदाहरणार्थ त्यामागून ‘एन’ आला की नवी ओळ सुरू होते. त्यामुळे डॉसचा हा वारसा चालवणाऱ्या विंडोजचा पाथ कोडमध्ये जसाच्या तसा लिहिला, तर तो बिघडू शकतो.

एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणे हा यावरचा पुरेसा उपाय नव्हे, कारण युनिक्सच्या वळणाच्या लिनक्समध्ये बॅकस्लॅश हे फाइलीच्या नावातले साधे अक्षर असू शकते, आणि म्हणून जो मजकूर विंडोजवर फोल्डर व फाइल अशी दोन नावे सांगतो, तोच लिनक्सवर एकाच फाइलीचे नाव ठरतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत यासाठी युनिक्सच्या आणि विंडोजच्या नियमांची दोन स्वतंत्र मॉड्यूल आहेत. २०१४ साली त्याच भाषेत आलेल्या पाथलिब या मॉड्यूलने त्यापुढे जाऊन पाथ ही अक्षरांची माळ न मानता भागांनी बनलेली वस्तू मानली, आणि ते भाग जोडण्यासाठी युनिक्सचीच तिरकी रेघ कोणत्याही सिस्टिमवर चालेल अशी क्रिया म्हणून दिली. पाथ तोडण्यापूर्वी तो कोणत्या प्रणालीचा आहे हे ठरवणे अपरिहार्य आहे, कारण विभाजकाचा अर्थ त्या चिन्हात नसून ते ज्या परंपरेतून आले तिच्यात असतो.